4 डिसेंबरला हुसैनीवाला पण आठवा

संपादक साहेब, नमस्कार.

नेव्ही डे आला की तुमच्या पेपरात ठरलेला लेख असतो, कराचीवरचा हल्ला, आणि वर गेटवेच्या बीटिंग रिट्रीटचा मोठा फोटो. यंदा पण तेच. लेख वाईट नव्हता, माझी तक्रार वेगळी आहे. 4 डिसेंबर 1971 हा पाकिस्तानबरोबरच्या युद्धातला केवढा मोठा दिवस, आणि तुम्ही त्यातली शेवटची तासभराची गोष्ट तेवढी सांगता.

मी तेव्हा नऊ वर्षांचा, गिरगावात चाळीत राहायला. शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. आदल्या संध्याकाळी पाकिस्तानने अमृतसर, पठाणकोट, आग्रा असे विमानतळ बॉम्बने उडवायला बघितलेले आणि मध्यरात्रीनंतर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या होत्या, त्यामुळे चाळीत कुणाची धड झोप झालेली नव्हती. आजी कणकेची खळ करून खिडक्यांना काळे कागद चिकटवत होती, कुठून जरा उजेड दिसला की खालून आरोळी, ए दुसरा माळा, लाईट! बाबा डॉकयार्डात कामाला. त्या दिवसांत काही विचारलं की एकच उत्तर, गुपचूप जेव.

आता बघा त्या एका दिवसात काय काय चाललेलं. विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची गाझी पाणबुडी आदल्या रात्रीच तळाशी गेलेली, ती शोधत होती आपल्या विमानवाहू बोटीला, विक्रांतला, आणि विक्रांत तिकडे नव्हतीच, अंदमानकडे होती. एक बॉयलर नादुरुस्त, वेग कमी, तरी त्या दिवशी तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली आणि पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बाजारवर हल्ला करून आली. (हीच विक्रांत नंतर आपल्या मुंबईत म्युझियम होती, माझ्या मुलांच्या शाळेची ट्रीप गेलेली, आणि शेवटी 2014 नंतर दारुखान्यात तोडली. असो, तो विषय काढला की माझं बीपी वाढतं.) ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर सकाळपासून आपल्या हंटर आणि मिग विमानांचे हल्ले. आगरतळ्याच्या पलीकडे गंगासागरला 3-4 च्या रात्री लान्स नायक अल्बर्ट एक्का बंकरवर चालून गेला आणि तिथेच शहीद झाला, परमवीर चक्र मिळालं. तिकडचीच कमालपूरची पाकिस्तानी चौकी आपल्या लोकांनी नोव्हेंबरपासून वेढलेली, ती 4 तारखेला शरण आली. तिकडे न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव, त्यावर रशियाचा व्हेटो.

आणि मग रात्र. निपात, निर्घात, वीर, या तीन बोटी खरं म्हणजे किनाऱ्याच्या राखणीसाठी घेतलेल्या, पल्ला कमी, त्या कराचीच्या तोंडाशी नेल्या आणि अकराच्या आसपास मिसाइलं सोडली. पाकिस्तानच्या खैबर या युद्धनौकेवरच्या लोकांना तर वाटलं विमानच आलं. साधारण त्याच वेळी जैसलमेरच्या वाळवंटात लोंगेवाला चौकीच्या गस्तीला पाकिस्तानी रणगाड्यांचा आवाज ऐकू येत होता, मेजर चांदपुरींकडे सव्वाशेच्या आत-बाहेर माणसं, आणि हंटरना रात्री उडता येत नव्हतं त्यामुळे उजाडेपर्यंत टिकून राहायचं. म्हणजे कराचीत आग लागलेली तेव्हा लोंगेवालाचं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. हे दोन लेख वेगवेगळ्या दिवशी छापले की हे कळतच नाही हो.

पण मला मुख्य बोलायचंय ते हुसैनीवालाबद्दल. फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी, जिथे भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची समाधी आहे. 3 तारखेच्या संध्याकाळी तिथे हल्ला झाला, आपल्या 15 पंजाब पलटणीची माणसं लढली, बरीच मेली, आणि 4 तारखेला तो भाग आपल्या हातातून गेला. नंतर परत मिळाला ही गोष्ट वेगळी. आपला खेडचा राजगुरू, 23 मार्चला तुम्ही त्याचा फोटो न चुकता छापता, पण त्याची समाधी ज्या दिवशी गेली त्या दिवसाबद्दल एक ओळ नाही? जम्मूकडच्या छांबला पण त्याच रात्रीपासून पाकिस्तानचा जोरात रेटा होता, तिथे आपल्याला मुनावर तवी नदीच्या अलीकडे यावं लागलं आणि छांब आजपर्यंत तिकडेच आहे. हरलो ते सांगितलं की नेव्हीचा मान कमी होतो असं थोडंच आहे. मला स्वतःला हुसैनीवालाचं कळलं ते पन्नाशीनंतर, अमृतसरच्या ट्रीपला गेलो तेव्हा गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणून, आणि मी तर डॉकयार्डवाल्याचा मुलगा, लहानपणापासून याच गोष्टी ऐकत मोठा झालेला.

तर पुढच्या वर्षी अर्धं पान द्या. वर नकाशा, खाली सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत कुठे काय झालं ते वेळेप्रमाणे, जिंकलेलं आणि गेलेलं दोन्ही. गेटवेचा फोटो खुशाल छापा, त्याच्या शेजारी हुसैनीवालाच्या पुलाचा पण एक छापा.

आपला,
एक जुना गिरगावकर (सध्या मुक्काम डोंबिवली)