१ जूनपासूनची ड्यूटी

मुंबई, २७ मे २०२१

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

वादळात उडालेले गोठ्याचे पत्रे बसवले का? लाईट आली हे दादाकडून कळलं. फोनवर आई रडते आणि बाबा फोनच ठेवून देतात, म्हणून लिहितेय.

१ जूनपासून मी आयसीयूत नसेन. लसीकरणाची ड्यूटी मागितली, मेट्रननी दिली. कुणी काढलेलं नाही, करोनाही झालेला नाही. पगार तोच, रात्रपाळी नाही. पीपीई नाही, म्हणजे मधे पाणी पिता येतं, लघवीला जाता येतं. सहा-सहा तास न जाण्याची सवयच झाली होती. आई, हे तुला सांगितलं नव्हतं.

व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर हवी. एप्रिलमध्ये माझ्याकडे पाच होते. तेही रेटलं असतं, दमणं मला नवीन नाही. पण एका आजोबांची कवळी मास्कखाली सैल हलत होती, म्हणून मी ती काढून डबीत ठेवली. ‘जेवताना देते हां,’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी नातेवाइकांना द्यायची पिशवी मीच भरली. घड्याळ, चष्मा, जानवं, कवळी. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी अलार्म वाजला म्हणून धावते. मागच्या आठवड्यात एक इंजेक्शन तीनदा तपासलं, तरी द्यायला हात पुढे जाईना. त्याच दिवशी ठरवलं.

दर गुरुवारी मानसोपचारवाल्या मॅडमकडे जाते. बोलायचं असतं फक्त, आणि एक छोटी गोळी. माईआत्याचं मनात आणू नका. तिला देवळात ओढत नेलं होतं, मी माझ्या पायांनी गेले. वाडीत हवं तर बदली झाली म्हणून सांगा.

बाबा, गेल्या वर्षी २२ मार्चला अंगणात ताट बडवताना तुम्ही पळी वाकवलीत. तुम्हाला वाटेल, एवढं कौतुक केलं आणि पोरगी पाठ दाखवून आली. वॉर्डातल्या तिघी मागे राहिल्या, हे मलाही टोचतं. पण माझा अर्ज त्यातल्याच एकीने लिहून दिला. मला चार ओळी सुचत नव्हत्या.

जेवणाची काळजी नको, डबा लावलाय. परवा पेजसुद्धा केली. ताप आला की तू लोणच्याचा खार घालून, फुंकून भरवायचीस, तशी नाही झाली. पण दोन वाडगे खाल्ली.

आता नीट ऐका. तुमचा पहिला डोस १२ मार्चचा. दुसरा आता ८४ दिवसांनी, म्हणजे ४ जूनच्या आधी रांगेत उभं राहायचं नाही, आणि नंतर ‘आंबे आवरू दे’ चालणार नाही. आई, हात गार असला की ऑक्सिमीटर कमी दाखवतो. हात चोळ, परत लाव. तरी ९४च्या खाली दिसलं तर मध्यरात्रीसुद्धा फोन कर. उचलेन.

१० सप्टेंबरला गणपती. रजा टाकलीय.

आणि बाबा, कवळी रात्री स्टीलच्या पेल्यातच ठेवा. कुठेही ठेवता आणि मग घरभर शोधायला लावता.

तुमची,
चिमी