चोरून भेटणार असशील तर भेटू नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस तेव्हा माझ्या आजूबाजूला माणसं होती, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. तू डेटिंग अ‍ॅपवर काही ट्रान्स मुलींशी, म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंद झालेल्या मुलींशी, बोलायला लागला आहेस, त्यातली एक मनापासून आवडली आहे, आणि भेटायचं तर कसं, काय बोलायचं, काय टाळायचं हे कळत नाहीये, असं तू म्हणालास. हे तू मला विचारलंस याचं मला फार बरं वाटलं.

सगळ्यात महत्त्वाचं ते आधी सांगते. तू राहतोस ते गाव कॉलेजच्या जिवावर चालतं. तीच लायब्ररी, तेच दोन-चार रस्ते, तेच चेहरे. मोठ्या शहरात दोन माणसं भेटली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी वर्गात माहीत असतं. तेव्हा पुढचा मेसेज पाठवण्याआधी स्वतःला एवढंच विचार : ही मुलगी उद्या कॅम्पसवर माझ्या मित्रांच्या घोळक्यासमोर आली, तर मी थांबून तिच्याशी बोलेन, की मोबाइलमध्ये मान घालून पुढे जाईन? दुसरं उत्तर येत असेल तर भेटू नकोस. रात्री उशिरा गोड बोलायचं आणि दिवसा ओळख द्यायची नाही, हे ट्रान्स मुलींच्या वाट्याला इतक्यांदा येतं की त्यांना त्याचा वास लांबूनच येतो. तुझी बदनामी होईल या भीतीने तू तिला लपवलंस, तर तिच्यात लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे असं तू तिला रोज सांगत राहशील.

नात्याची सुरुवात हळू करणं वेगळं. पहिले काही आठवडे कुणीच गावभर सांगत फिरत नाही, आणि तिलाही ते नको असेल. मी म्हणते आहे ते वेगळं आहे, आणि तुला ते कळतं.

आता तुझं प्रोफाइल. तू पाठवलेला मजकूर वाचला. त्यातली ‘ट्रान्स असली तरी चालेल’ ही ओळ काढून टाक. लिहिताना तुझा हेतू चांगलाच होता. पण वाचणाऱ्या मुलीला त्यात एवढंच दिसतं की हा आपल्याला चालवून घेणार आहे. आणि कुणीतरी सुचवलं म्हणून ‘फक्त ट्रान्स मुलींनीच मेसेज करावा’ असंही लिहू नकोस. तसं लिहिणारे पुरुष त्यांना रोज भेटतात. त्यांना माणूस नको असतो, एक नवल हवं असतं. तू तुझ्याबद्दल लिही. रात्र रात्र बुद्धिबळाचे डाव मांडून बसतोस ते लिही, अनोळखी घोळक्यात गप्प होतोस तेही लिही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये तुला कोण दिसावं हे नीट निवडलंस की पुरे.

ही सेटिंग तुला साधी वाटेल, पण ती सहज आलेली नाही. फेसबुकने स्त्री आणि पुरुष यांपलीकडचे लिंगओळखीचे पर्याय २०१४ मध्ये दिले, ओकेक्युपिड या डेटिंग अ‍ॅपने त्याच वर्षी, टिंडर या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१६ मध्ये. त्याआधी ट्रान्स मुलीने ‘स्त्री’ निवडलं की समोरचे पुरुष चिडून तिच्याविरुद्ध तक्रार करायचे आणि खातं बंद व्हायचं. लोक आजही रागाच्या भरात ते रिपोर्टचं बटण दाबतात. म्हणून एखादी मुलगी पहिल्या ओळीतच ‘मी ट्रान्स आहे, वाचून मगच बोला’ असं ठणकावून लिहिते, तर दुसरी प्रोफाइलवर काहीच लिहीत नाही आणि चार दिवस बोलून, माणूस बघून सांगते. दोन्ही बरोबर आहे. दुसरीने तुला सांगितलं तर ‘आधी का नाही सांगितलंस’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नकोस. तिने तुला फसवलेलं नाही. तू विश्वासाचा आहेस का, एवढं ती बघत होती. तुला पुढे जायचं नसेल तर सरळ, सभ्यपणे नाही म्हण. नाही म्हणायचा हक्क तुलाही आहे. उत्तर न देता गायब होऊ नकोस.

कॅनडातल्या करेन ब्लेअर आणि रिया हॉस्किन या संशोधकांनी ९५८ जणांना विचारलं होतं की तुम्ही कुणाकुणाशी डेट कराल. यादीत ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष हे पर्यायही होते. ८७.५ टक्के लोकांनी ट्रान्स व्यक्तींना वगळलं. २०१९ मध्ये हा अभ्यास छापून आला. मी हा आकडा तुझी पाठ थोपटण्यासाठी देत नाहीये. अ‍ॅप उघडताना ती मुलगी किती नकार पचवून बसलेली असते, हे तुला कळावं म्हणून देते आहे. ती कधी तुटक उत्तर देईल, भेटीची वेळ दोनदा बदलेल, तुझा हेतू काय हे फिरून फिरून विचारेल. चिडू नकोस.

बोलताना काय विचारायचं? जे तू कुठल्याही मुलीला विचारशील ते. काय शिकतेस, सुट्टीत काय करतेस, कशाने वैतागतेस. ऑपरेशन झालंय का, हार्मोन घेतेस का, आधीचं नाव काय, लहानपणचा फोटो आहे का, हे विचारू नकोस. तू एखाद्या मुलीला पहिल्याच दिवशी तिच्या अंतर्वस्त्रांबद्दल विचारशील का? मग हेही नाही. तिचं जुनं नाव हॉस्टेलच्या यादीत किंवा ओळखपत्रावर चुकून दिसलं तरी ते तुझ्याजवळच राहू दे. आणि आपल्या मराठीत ‘आलास’ की ‘आलीस’ हे लिहिल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही, तर एखाद्या व्यक्तीबद्दल नक्की माहीत नसेल तेव्हा सुरुवातीलाच विचार, ‘तुझ्याशी कसं बोलू?’ पुढे कधी चुकलास तर ‘सॉरी’ म्हण, दुरुस्त कर आणि विषय पुढे ने. दहा मिनिटं माफी मागत बसलास की तिलाच तुझी समजूत काढावी लागते.

तू दबक्या आवाजात विचारलंस, ‘मग मी गे आहे का?’ ट्रान्स स्त्री ही स्त्री आहे. तुला ती स्त्री म्हणून आवडली. उद्या तुला एखादा पुरुष आवडला असता तरी मी तुला हेच पत्र लिहिलं असतं, एवढं लक्षात ठेव. आणि ‘हा आजार असतो’ म्हणणारा तुझा तो रूममेट, त्याला सांग की जागतिक आरोग्य संघटनेने ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलं आहे. ती नवी सूची, आयसीडी-११, २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यापुढे वाद घालत बसू नकोस. तुझ्या आवडीनिवडीला त्याची मंजुरी लागत नाही.

आता सुरक्षिततेचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे तुझ्या हलगर्जीपणाची किंमत तिला मोजावी लागेल.

तिच्या प्रोफाइलचा, चॅटचा स्क्रीनशॉट काढू नकोस. ‘बघ ना, किती छान दिसते’ म्हणून जिवलग मित्राला पाठवलेला एक फोटो संध्याकाळपर्यंत अख्ख्या हॉस्टेलच्या ग्रुपवर जातो. कदाचित ती वर्गात कुणालाच ट्रान्स म्हणून माहीत नसेल. तिच्या घरच्यांना माहीत नसेल. शिक्षण, राहायची जागा, महिन्याचे पैसे, सगळं त्या एका फोटोवर टांगलेलं असू शकतं. ती ट्रान्स आहे हे कुणाला, कधी सांगायचं ते तिनेच ठरवायचं. कौतुकानेसुद्धा तू सांगायचं नाहीस. ओळखीचा कुणी वाटेत भेटला तर तिची ओळख काय म्हणून करून द्यायची, हे भेटण्याआधीच तिला विचारून ठेव.

अ‍ॅपवर दिसणारं अंतर दोघांनीही बंद करा. २०१४ मध्ये सुरक्षा तज्ज्ञांनी टिंडरबाबत दाखवून दिलं होतं की तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून अंतर मोजलं तर समोरची व्यक्ती नेमकी कुठे आहे ते काढता येत होतं. ती त्रुटी नंतर बुजवली गेली. पण तुमच्या एवढ्याशा गावात ‘एक किलोमीटरवर’ असं दिसलं तरी कुठलं हॉस्टेल ते कळतं. प्रोफाइलच्या फोटोत खोलीची खिडकी, विभागाचा टी-शर्ट, गळ्यातलं आयकार्ड दिसू देऊ नकोस.

तू स्वतःलाही जप. ट्रान्स मुलीचे चोरलेले फोटो लावून मुलांना जाळ्यात ओढणारे आणि नंतर ‘घरी सांगू’ म्हणून पैसे उकळणारे असतात. तुझ्यासारखा मुलगा लाजेपोटी गप्प बसेल, हाच त्यांचा हिशोब असतो. म्हणून उघडे फोटो कुणालाच पाठवू नकोस, पैसे कुणालाच पाठवू नकोस, आणि भेटीआधी एकदा व्हिडिओवर बोल. मात्र तो कॉल ‘तू खरंच मुलगी आहेस का दाखव’ अशा सुरात मागू नकोस. काही ट्रान्स मुलींना स्वतःच्या आवाजाचा संकोच वाटतो. कॅमेरा चालू ठेवून टाइप करून बोललात तरी काम होतं. तरीही कुणी धमकावलंच तर एक पैसा देऊ नकोस, मेसेज जपून ठेव आणि मला फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी.

पहिली भेट दिवसा, चार माणसांत. जागा तिला निवडू दे. ती लांबचा, तुला गैरसोयीचा कॅफे सुचवेल, तर त्याला कारण असेल. उदाहरणार्थ स्वच्छतागृह. बाहेर पडताना कुठलं स्वच्छतागृह वापरता येईल, तिथे कुणी हटकेल का, हा हिशोब ट्रान्स मुली आधीच करून ठेवतात. कित्येक जणी बाहेर असताना पाणीसुद्धा बेताचंच पितात. तुला आजवर असा विचार कधी करावा लागलेला नाही. परत जाताना ‘हॉस्टेलपर्यंत सोडतो’ असा आग्रह धरू नकोस. ती मैत्रिणीला तुझं नाव, फोटो, ठिकाण पाठवून ठेवेल. त्याचा राग येऊ देऊ नकोस, उलट तूच सुचव. दरवर्षी २० नोव्हेंबरला जगभर ट्रान्स स्मृतिदिन पाळतात. १९९९ पासून. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेत रिटा हेस्टर या ट्रान्स स्त्रीचा खून झाला, तिच्या आठवणीतून तो सुरू झाला. त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या नावांची यादी दरवर्षी वाढते, आणि एका अनोळखी मुलाला भेटायला निघताना ती यादी तिच्या मनात कुठेतरी असतेच.

अ‍ॅपवर पटकन कुणी मिळत नाही म्हणून कॉलेजमधल्या एलजीबीटी विद्यार्थ्यांच्या गटात मुलगी शोधायला जाऊ नकोस. ती त्या मुलामुलींची श्वास घ्यायची जागा आहे. त्यांच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला, ऐकायला जायचं असेल तर जरूर जा, आणि चार महिने नुसता ऐक.

जवळीक वाढली तर त्याबद्दलही आई म्हणून लिहायला मला संकोच नाही. काय आवडतं, कुठे हात लावलेला आवडत नाही, शरीराच्या कुठल्या भागाला ती काय म्हणते, हे विचारायचं, गृहीत धरायचं नाही. त्या क्षणी हा प्रश्न चौकशी राहत नाही, काळजी होते. कंडोम वापरायचा, आणि दोघांनी तपासण्या करून घ्यायच्या. तुझा तो मित्र एका ट्रान्स पुरुषाला भेटतोय म्हणालास, त्याला एक सांग : टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन चालू असलं आणि पाळी थांबली असली तरी गर्भ राहू शकतो, ते गर्भनिरोधक नाही. त्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

आणि निखिल, तिला वाचवायला जाऊ नकोस. तू तिच्यावर उपकार करायला निघालेला नाहीस. कदाचित ती अभ्यासात तुझ्यापुढे असेल, तुझ्याहून हजरजबाबी असेल, आणि दोन भेटींनंतर तूच तिला कंटाळवाणा वाटशील. तसं झालं तर ‘मी एवढं समजून घेतलं तरीही’ असं मनातसुद्धा आणू नकोस. मनाला लागेल, चार दिवस जेवण जाणार नाही, मग जाईल.

एक विचारायचं राहिलं. तिच्याबद्दल मी घरात कुणाला काही बोललेले नाही, बाबांनाही नाही. तुझी बाजू तू बाबांना कधीही सांग, ते ऐकून घेतील; सुरुवातीला गप्प होतील, पण ऐकतील. पण ती ट्रान्स आहे हे त्यांना सांगायचं का, आणि कुणी सांगायचं, ते तिला विचारून मला कळव. पुढे कधी तिला इकडे घेऊन यावंसं वाटलं तर येण्याआधी घरात कोण कोण असतं, कोण काय विचारण्याची शक्यता आहे, सगळं तिला खरं खरं सांग. आत्याचं मी बघते.

तुझी,
आई