मदरबोर्ड बदलला म्हणजे मी चोर झालो का? ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

साहेब, मी सांगलीत डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अहवाल असली कामं. ऐन लग्नसराईत व्होल्टेज वरखाली होऊन कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, उडाला. जुन्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड आता नवा मिळत नाही, त्यामुळे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही घ्यावं लागलं. त्याची तक्रार नाही, मशीन आहे, बिघडणारच. हार्डडिस्क जुनीच लावली, डेटा जिथल्या तिथे, आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर म्हणतंय हे लायसन्स या मशीनसाठी नाही. लायसन्स मशीनच्या पार्टांवरून ठरणाऱ्या आयडीला बांधलेलं, पार्ट बदलले की आयडीही बदलला.

अहो रोख पैसे मोजून जीएसटीचं पक्कं बिल घेतलेलं सॉफ्टवेअर आहे हे, क्रॅक मारलेलं नाही. कंपनीला फोन केला तर स्क्रीनवरच्या मशीन आयडीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागितला, पाठवला, मग म्हणाले मेल करा, मेल केला, मग म्हणे डीलरमार्फत या, आणि डीलरने तर धंदा बंद करून मोबाईलचं दुकान टाकलंय. शेवटी उत्तर काय, तर "सर तुमचा हार्डवेअर आयडी मॅच होत नाहीये, नवीन लायसन्स घ्यावं लागेल, डिस्काउंट देऊ." म्हणजे दुरुस्ती केली म्हणून दंड, वर सवलतीत!

नुसतं सॉफ्टवेअर अडलं असतं तर दुसरं घेतलं असतं, पण खरी गोम पुढेच आहे. आमच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येईल अशा सर्वमान्य पद्धतीत नाहीत, त्या त्याच कंपनीच्या फॉन्टमध्ये आहेत आणि फॉन्टही लायसन्सला बांधलेले. लायसन्स नसेल तर "श्री गणेश प्रसन्न" च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं दिसतात. गिऱ्हाईक समोर उभं, मागच्या वर्षीच्या थोरल्याच्या पत्रिकेत धाकट्याचं नाव घालून द्या म्हणतंय, आणि मी टाइप केलेला मजकूर मलाच वाचता येत नाही. घर माझं, सामान माझं, आणि दाराची कडी बदलली म्हणून कुलूपवाल्याने किल्ली काढून न्यावी असा प्रकार आहे हा.

विंडोजचं बघा, २००१ मध्ये एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन, म्हणजे कंपनीकडून लायसन्स तपासून चालू करून घेणं, आलं तेव्हाही लोक वैतागले होतेच, पण तिथे निदान ठरलेली वाट तरी आहे. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मदरबोर्डाला बांधलेलं, वेगळं घेतलेलं रिटेल दुसऱ्या मशीनवर नेता येतं, आणि २०१६ पासून अकाउंटला लायसन्स जोडलेलं असेल तर हार्डवेअर बदललं असं सांगून परत चालू करता येतं. ओईएमवाल्यांची अडचण होतेच, मला तेही पटत नाही. पण छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे नियम म्हणजे फोन उचलणाऱ्याची मर्जी.

आता कायद्याचं. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या केसमध्ये सांगितलं की तयार, सगळ्यांना सारखंच विकलं जाणारं सॉफ्टवेअर हा माल आहे, म्हणजे त्यावर तेव्हाचा विक्रीकर लागू होता. मग कर घेताना माल आणि मी वापरताना कंपनीच्या लेखी "फक्त परवाना" हे कसं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे, वाजवी कारण नसताना एकतर्फी करार मोडायची मुभा देणारी अट त्यात येते. फार छान. पण ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात करावी लागते. काही हजारांच्या सॉफ्टवेअरसाठी कोण दुकान बंद ठेवून वकील लावणार?

तुमच्याच खात्याने २०२२ मध्ये राईट टू रिपेअरची, म्हणजे घेतलेली वस्तू दुरुस्त करून वापरायच्या हक्काची समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही काढलं. शेतीची यंत्रं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या असे चार विभाग. सॉफ्टवेअरला वेगळा विभाग नाही. स्पेअर पार्ट मिळाला, कारागीर मिळाला आणि मशीन सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरने पाय अडकवला तर ती दुरुस्ती झाली असं कसं म्हणायचं?

कंपन्यांना चोरीची भीती असते हे मला मान्य आहे, आमच्याच लाइनीत पायरसी किती चालते ते मी रोज बघतो. म्हणून सॉफ्टवेअर फुकट मागत नाही. मूळ बिल आणि पार्ट बदलल्याचं बिल दाखवलं की दोन दिवसांत री-ॲक्टिव्हेशन, म्हणजे तेच लायसन्स परत चालू करून, फुकट मिळालं पाहिजे, किती वेळा मिळेल ते विकतानाच बिलावर छापलेलं पाहिजे, आणि कंपनी बंद पडली किंवा चालू करायचा कोड देईना तर निदान फाइली युनिकोडमध्ये काढून घ्यायचं टूल लायसन्सशिवाय चाललं पाहिजे. तिसरं जमलं नाही तर पहिली दोन करा, पण पोर्टलवर पाचवा विभाग या वर्षी उघडा.

आपला,
सांगलीतला एक डीटीपीवाला

ता.क. शेजारच्या प्रेसवाल्याचं लायसन्स प्रिंटर पोर्टात लावायच्या जुन्या डोंगलवर, म्हणजे लायसन्सची किल्ली असलेल्या छोट्या तुकड्यावर आहे. नव्या बोर्डाला तो पोर्टच नाही. पाचव्या विभागात त्याचीही सोय बघा.