चि. मुक्तास, मोनॅडनॉकच्या फोटोवरून

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

काल तू फोन चिडून ठेवलास ते कळलं. खोकल्याचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय, म्हणून हे पत्र फक्त शिकागोतल्या त्या मोनॅडनॉक इमारतीबद्दल आहे.

तू लिहिलंस, बाबा बघा, सोळा मजले आणि बाहेरून भार पेलणाऱ्या भिंती विटांच्या. मला आधी खरंच वाटेना. अख्खा जन्म बांधकाम खात्यात गेला, लोड बेअरिंगमध्ये तीन मजल्यांच्या वर जायचं म्हटलं की आमचे साहेब फाईल बाजूला ठेवायचे, आणि ही तळाला सहा फूट जाड भिंत घेऊन उभी! आपलं देवघर त्या भिंतीच्या आत मावेल. मग रात्री वाचत बसलो, आई म्हणाली आता कसली परीक्षा आहे.

तिचा आर्किटेक्ट, तो जॉन रूट, मला फार आवडला गं. जॉर्जियातला पोरगा. तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, 1864 मध्ये बापाने त्याला बोटीत बसवून इंग्लंडात लिव्हरपूलला धाडलं, वय 14. तुला पुण्याला हॉस्टेलवर सोडलं तेव्हा तू अठराची होतीस, तरी मी परतताना गाडीत डबा उघडला नव्हता, त्या बापाचं काय झालं असेल. पुढे न्यूयॉर्कला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं (इंजिनिअर होता बघ आधी, तुझ्या बॉसला सांग). 1871 च्या आगीत शिकागो जळलं, लाखभर माणसं उघड्यावर आली आणि पुढच्याच वर्षी हा तिथे कामाला हजर. 1873 ला डॅनियल बर्नहॅमबरोबर स्वतःचं ऑफिस काढलं तर त्याच वर्षी बँका बुडाल्या, मंदी, कामच नाही. मग मिळालं ते प्रेअरी अव्हेन्यूवर जॉन शर्मन नावाच्या शेठचं घर, गुराढोरांच्या बाजारातला मोठा माणूस, आणि बर्नहॅमने पुढे त्याच्या मुलीशीच लग्न केलं. हे आईने मला दोनदा वाचायला लावलं, मी काही सुचवत नाहीये.

खरी गंमत पायाची आहे. शिकागोची जमीन म्हणजे सरोवराकाठची ओली चिकणमाती, खडक फार खोल. आपल्या अकोल्याच्या काळ्या मातीने मला आयुष्यभर रडवलं, उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगणार, त्यामुळे या माणसाचं दुखणं मला लगेच कळलं. आधी तिकडे पायात दगडांचे मोठे पिरॅमिड घालायचे, तळघराची सगळी जागा तेच खायचे. याने रेल्वेचे रूळ आडवे-उभे थरावर थर रचून काँक्रीटमध्ये गाडले, आणि त्या तराफ्यावर माँटॉक नावाची दहा मजली इमारत बसवली, 1882 ची गोष्ट. इमारत खचणार हे धरूनच चालायचं, किती इंच ते आधी काढायचं आणि तेवढी उंच बांधायची. मोनॅडनॉक मात्र हिशेबापेक्षा बरीच जास्त खचली, आणि तरी सरळ उभी आहे, हे वाचून मी खुर्चीतून उठलोच.

आपल्याला शिकागो म्हटलं की विवेकानंद. ती परिषद 1893 च्या ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली त्याचा सल्लागार आर्किटेक्ट रूटच होता. पण ते प्रदर्शन त्याने पाहिलं नाही, मोनॅडनॉकही उभी राहिलेली पाहिली नाही. 1891 चा जानेवारी, बाहेरगावचे मोठमोठे आर्किटेक्ट मीटिंगला आलेले, रविवारी याने त्यांना घरी बोलावलं आणि निघताना गाडीपर्यंत सोडायला गेला, कडाक्याची थंडी, अंगावर कोट नाही. न्यूमोनिया. 15 तारखेला गेला. 41 वा वाढदिवस होऊन पाचच दिवस झालेले.

तू म्हणशील तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, आता आहे. माहितेय मला. पण नानांच्या वेळी तर सगळंच होतं ना? आणि नानाही असंच म्हणायचे, साधा कफ आहे, सबमिशन होऊ दे. रात्री दोनपर्यंत ऑफिस, मग ती गार ट्रेन, जेवायला काहीतरी थंडगार सँडविच, अगं शरीर म्हणजे काय... बघ, सुरू झालो परत. सॉरी. तुला लहान समजत नाही मी. तुझ्या त्या लायब्ररीच्या ड्रॉइंगचा फोटो कॉलनीत सगळ्यांना दाखवलाय, ज्यांना सेक्शन म्हणजे काय कळत नाही त्यांना पण.

रूकरी इमारतीत अजून गेली नसशील तर जा, ती पण रूटचीच, 1888 ची. मधल्या चौकात वरून उजेड येतो म्हणे. तो जिना नीट बघ आणि मला स्केच करून पाठव, फोटो नको. पण आधी बरी हो मग जा.

आणि ते इन्शुरन्सचं कार्ड आलं का? नवीन नोकरीचं कार्ड आलं नाही म्हणून तू डॉक्टरकडे जात नाहीयेस असा मला संशय आहे. तसं असेल तर सरळ सांग. एक्सरेचे जे काय होतील ते मी भरतो, पेन्शनमधलं पडून आहे, एफडी मोडावी लागणार नाही. रिपोर्ट मला एकट्याला पाठव, फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, आई रात्रभर झोपणार नाही.

तुझे बाबा