इगतपुरीच्या ताईंना, ज्यांची छत्री माझ्याकडे राहिली

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव तुम्ही मला दहाव्या दिवशी सांगितलंत, पण ते इथे लिहीत नाही. पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. जुलैतलं दहा दिवसांचं शिबिर, धम्मगिरी विपश्यना केंद्रातला बायकांचा निवास, तिथल्या सेविका तुम्ही, आणि रात्री अडीच वाजता पायरीवर बसलेली एक बाई आठवते का? ती मी.

माझ्या सासूबाई सात वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. अर्धांगवायू. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्या गेल्या पौषात. घर रिकामं झालं, पण माझं शरीर काही ऐकेना. रोज रात्री दोनला जाग यायची, हात उशीकडे जायचा, आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही. शेजारच्या वहिनींनी विपश्यनेचं सुचवलं. मी फक्त झोपेसाठी आले होते, हे आज मोकळेपणाने सांगते.

आल्या दिवशी मोबाइल जमा केला, आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी न बोलणं, सुरू झालं. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून ध्यान. पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास बघायचा, नाकाशी येणारा आणि जाणारा. बाहेर कसारा घाटावरून येणारं धुकं आणि पत्र्यावर न थांबणारा पाऊस. चौथ्या दिवशी विपश्यना दिली, डोक्यापासून पायापर्यंत एकेक संवेदना तपासत जायची. त्याच रात्री मी दोनला उठले आणि बाहेर येऊन बसले.

तुम्ही बॅटरी घेऊन आलात. हळूच विचारलंत, "बरं वाटत नाही का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "कूस बदलायची वेळ झाली." तुम्हाला त्यातलं काय कळलं असेल, देव जाणे. मग मला रडू आलं. सात वर्षांत आलं नव्हतं एवढं. माझ्या खांद्यावर तुम्ही हात ठेवला नाहीत, तिथे स्पर्श करायचा नाही असा नियमच आहे. 'होतं असं' म्हणाला नाहीत, कोण गेलं तेही विचारलं नाहीत. त्याच ओल्या पायरीवर हातभर अंतर ठेवून बसलात, माझं रडणं थांबेपर्यंत. मग एवढंच म्हणालात, "ध्यानाबद्दल काही सांगायचा मला अधिकार नाही. उद्या आचार्यांच्या बाराच्या भेटीत तुमचं नाव घालते." आणि खोलीपर्यंत भिजू नये म्हणून तुमची छत्री दिलीत.

दुसऱ्या दिवशी सहायक आचार्यांनी सांगितलं ते साधं होतं. जाग आली तर येऊ द्या, उठू नका, पडल्या पडल्या संवेदना बघा, झोप आली तर ठीक, नाही आली तरी ठीक. ते ऐकायला मी गेले, ते तुमच्यामुळे. नाहीतर सकाळी बॅग भरायचं माझं ठरलं होतं.

संध्याकाळच्या ध्वनिमुद्रित प्रवचनात ही साधना भारतात परत आणणारे गोएंका गुरुजी स्वतःची गोष्ट सांगतात. 1955 साली ते अर्धशिशीने हैराण होऊन ब्रह्मदेशातले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर केवळ डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. हे ऐकताना माझी मान खाली गेली. मीही झोप मागायलाच आले होते ना! पुढे 1969 मध्ये ते आजारी आईसाठी भारतात आले, आणि मुंबईतल्या त्यांच्या पहिल्या शिबिरात आईवडीलही बसले होते. एका आजारी आईपासून हे सगळं आपल्याकडे आलं, ही गोष्ट मला फार जवळची वाटली.

सहाव्या दिवशी अधिष्ठानात, म्हणजे तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं त्यात, छातीत जाळ उठला. तो राग होता. रविवारी फळं घेऊन येणाऱ्या आणि 'वहिनी, तुझ्या हातात जादू आहे' म्हणणाऱ्या नणंदेवरचा. सासूबाईंवरचासुद्धा. मी सेवा केली असं सगळे म्हणत होते, आणि आत मी हिशेब मांडत होते. तास संपायच्या आधी तो जाळ विरला. पुन्हा आला, पुन्हा विरला. डोळे उघडले तर मागे भिंतीशी तुम्ही बसलेल्या. माझ्या गुडघ्याखाली द्यायला एक जादा उशी तुम्ही न सांगता आणून ठेवली होतीत. तिथे कुणी फी घेत नाही, तुम्हालाही कुणी मोबदला देत नाही, हे मला माहीत होतं. पण हिशेब नसलेली सेवा कशी असते, ते त्या उशीकडे बघून कळलं. सात वर्षं मी दुसऱ्याची उशी सारखी केली होती. माझी कुणीतरी पहिल्यांदाच केली.

आता कसं आहे विचाराल, तर अजूनही काही रात्री दोनला जाग येते. उठत नाही. नणंदेशी फोनवर तासभर बोलले, सासूबाईंबद्दलच. ओळखीच्या बायका विचारतात तेव्हा मी सरसकट 'जा' म्हणत नाही. मनाच्या गंभीर आजारावर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात सगळं खरं लिहा, हे आवर्जून सांगते. दहा दिवस सोपे नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी निघायच्या घाईत छत्री माझ्याबरोबरच आली. तिची एक काडी निसटली होती, ती बसवून घेतली आहे. डिसेंबरच्या शिबिरात सेविका म्हणून माझा अर्ज मंजूर झाला आहे. तेव्हा पाऊस नसेल, पण छत्री आणते. तुम्ही नसलात तर कार्यालयात ठेवून जाईन, कापडी पिशवीत, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून.

तुमची,
कोपऱ्यातल्या खोलीतली