मंत्रिमहोदय, आधी बाहेरची चिठ्ठी बंद करा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

२०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा दीड लाखाचं संरक्षण हीच मोठी गोष्ट वाटायची. आज तीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून पाच लाखांवर पोचली आहे आणि रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे. बायपास, केमो, डायलिसिस यांसाठी जमीन विकायची वेळ या योजनेमुळे टळलेली घरं मी पाहिली आहेत. त्यामुळे हे पत्र योजनेच्या विरोधात नाही. माणूस ॲडमिट होण्याच्या कितीतरी वर्षं आधी जिथे यायला लागतो, त्या ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीविषयी मला आपल्याशी बोलायचं आहे.

मी निवृत्त औषध निर्माण अधिकारी आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि मग ग्रामीण रुग्णालय, अशी माझी सगळी नोकरी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला झाली.

बाजाराच्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. साठी ओलांडलेली एक बाई वाडीवरून येते. तिला बीपी आहे, साखरही आहे. केसपेपर तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून जपलेला असतो. डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहिलेल्या असतात. खिडकीत त्यातली एक मिळते, साखरेची मेटफॉर्मिन. तीही महिन्याची मिळत नाही, दहा दिवसांची मिळते, कारण उरलेला साठा सगळ्यांना पुरवायचा असतो. बाकीच्या दोन गोळ्या चिठ्ठीवर लिहून दिल्या जातात आणि "बाहेरून घ्या" असं सांगितलं जातं. बाई रस्ता ओलांडून मेडिकलमध्ये जाते, पट्टीची किंमत विचारते, थोडा वेळ गप्प उभी राहते आणि "चारच द्या" म्हणते. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून देतो. त्या चार गोळ्या ती कधी घेते, हे मी अशा अनेकींना विचारलं आहे. उत्तर ठरलेलं असायचं, "डोकं जड झालं की खाते."

रक्तदाबाची गोळी डोकं जड झाल्यावर खायची नसते, हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आशाताईंनीही सांगितलेलं असतं. समुपदेशनाच्या कमतरतेपेक्षा तिला गोळ्यांची कमतरता जास्त नडते. बायकांना एसटीचं तिकीट आता अर्धं झालं आहे, त्याचा तिला खरोखर उपयोग होतो. पण दहा दिवसांनी पुन्हा यायचं म्हणजे पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडते. मग ती येणंच सोडते.

अशा खंडामुळे पुढे काय होतं, ते आपल्या खात्यातला कुठलाही वैद्यकीय अधिकारी सांगेल. काही जण अर्धांगवायूने पडतात आणि १०८ मधून येतात. काहींच्या किडन्या जातात. त्यांच्या डायलिसिसचा खर्च मग सरकारच जन आरोग्य योजनेतून उचलतं, आठवड्यातून दोन-तीनदा, माणूस जगेल तोवर. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनची एक गोळी घाऊक खरेदीत काही पैशांना पडते. ती वेळेवर पोचली नाही म्हणून शेवटी सरकार हजारो रुपये भरतं, आणि त्या घरातला कमावता किंवा राबता माणूस कायमचा खाटेला खिळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी जवळपास ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. म्हणजे त्या बाईसारखं एक तरी माणूस आता जवळजवळ प्रत्येक घरात आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेही बंद झाले. तो निर्णय चांगलाच होता. पण केसपेपरचे दहा रुपये वाचले आणि चिठ्ठीचे तीनशे गेले, तर त्या बाईच्या लेखी दवाखाना मोफत झालेला नसतो.

साठा का संपतो, हे मला आतून माहीत आहे. बाहेर त्याची फारशी चर्चा होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दरवर्षी आरोग्य केंद्राकडून औषधांची मागणी वर जाते. ती गेल्या वर्षीच्या वापरावरून काढतात. समजा, वर्षात चार महिने ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी आलीच नाही. त्या चार महिन्यांत वापर शून्य दिसतो. रजिस्टरवर वापर कमी दिसला की पुढची मागणी कमी धरली जाते, आणि मागणी कमी धरली की साठा आणखी लवकर संपतो. रुग्ण तेवढेच असतात, किंबहुना वाढलेले असतात, पण कागदावर त्या गोळीची गरज दरवर्षी घटत जाते. औषधसाठ्याची नोंद संगणकावर ठेवणारी ई-औषधी प्रणाली आली तेव्हा हे थांबेल अशी आम्हाला आशा होती. पण खिडकीतून रिकाम्या हाताने किती माणसं गेली, याचा रकाना जुन्या रजिस्टरमध्ये नव्हता आणि माझ्या काळात तो नव्या पडद्यावरही आला नाही. जे दिलं ते नोंदवलं जातं. जे देता आलं नाही, त्याची नोंद कुठेच राहत नाही. बाहेरची प्रत्येक चिठ्ठी कार्बन ठेवून लिहिली असती, तर राज्याची खरी मागणी आजवर आपल्याला कळली असती.

दुसरं कारण पैशाचं. खरेदीची यंत्रणा आपण बदलत आलो. २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे खरेदी होती. २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. दर वेळी नवी पाटी लागली की जिल्ह्याला सांगितलं जातं, थोडं थांबा, घडी बसतेय. पुरवठादाराचं बिल महिनोन्‌महिने थकलं, की चांगल्या कंपन्या पुढच्या निविदेत उतरत नाहीत. मग दर करार, म्हणजे ठरलेल्या दराने पुरवठ्याचा करार, होत नाही आणि दर करार नाही म्हणून स्थानिक खरेदी करावी लागते. ती थोड्या प्रमाणात, चढ्या दराने आणि घाईत होते. घाईत घेतलेल्या औषधाची तपासणी नीट होत नाही, आणि तिथेच खोटा माल शिरतो. नागपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सापडलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, हे आपल्या राज्यात घडलेलं आहे. तापाने फणफणलेल्या पोराच्या हातात आपल्याच खिडकीतून पिठाची गोळी गेली असेल, या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

हे सगळं अटळ आहे, असं कोणी आपल्याला सांगितलं तर कृपया मान्य करू नका. तमिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं बांधली. प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं. त्या पासबुकात वर्षाची रक्कम जमा असते आणि यादीतलं हवं ते औषध, हवं तेव्हा, गोदामातून उचलता येतं. वरून काय येईल त्याची वाट बघत बसावं लागत नाही. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून, सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल चांगला आला तरच तो माल गोदामातून हलतो. माल खराब निघाला तर कंपनी काळ्या यादीत जाते. राजस्थानने हीच पद्धत घेऊन २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू केली. राजस्थान आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य नाही.

आणि आपल्याच रुग्णालयात एक खिडकी अशी आहे जिथे हे जमलं आहे. एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधं एआरटी केंद्रातून मोफत मिळतात. तिथे प्रत्येक रुग्णाचा हिशेब असतो, तो पुढच्या वेळी कधी येणार हे ठाऊक असतं, गोळ्या किती उरल्या ते मोजलं जातं आणि आला नाही तर त्याला शोधलं जातं. त्या केंद्रांनाही अडचणी येतात. पण एचआयव्हीच्या औषधात खंड पडला तर चालणार नाही, हे तिथे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. बीपीच्या गोळीला आपण तो मान अजून दिलेला नाही. टीबीच्या औषधांचंही मार्च २०२४ मध्ये काय झालं ते आठवावं. केंद्र सरकारकडचा पुरवठा अडला आणि राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावं लागलं. टीबीत खंड पडला की जंतू औषधाला जुमानेनासा होतो आणि तो मग एका रुग्णापुरता राहत नाही.

परवडणाऱ्या औषधाचा प्रश्न फक्त आपल्या जिल्ह्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे साडेचारशे कोटी लोकांपर्यंत अत्यावश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे पोचत नाहीत. युरोपातल्या देशांचा अभ्यास करतानाही याच संघटनेला दिसलं, की गरीब घरांना ऑपरेशनापेक्षा घरी घ्यायच्या औषधांचा खर्च जास्त बुडवतो. थायलंडने २००२ साली तीस बाथमध्ये उपचार देणारी योजना आणली, तेव्हा त्यात ओपीडी आणि ओपीडीची औषधं पहिल्यापासून धरली. आपल्या योजनेत माणूस ॲडमिट झाला तरच दार उघडतं.

परवडणाऱ्या औषधाच्या बाबतीत तर मुंबईने जगाला वाट दाखवली आहे. २००१ साली एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य बाजारात दहा हजार डॉलरच्या वर होता. तेव्हा मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तो उपचार ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि आफ्रिकेतल्या लाखो माणसांसाठी दार उघडलं. तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा आटाला १९७८ साली जगाने 'सर्वांसाठी आरोग्य' असं ठरवलं, त्याच्या आधी ज्या प्रयोगांचा अभ्यास झाला त्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचा जामखेडचा ग्रामीण आरोग्यसेवेचा प्रयोग होता. अल्मा आटाच्या घोषणापत्रात अत्यावश्यक औषधं पुरवणं हा प्राथमिक आरोग्यसेवेचा भागच धरला आहे. ज्या राज्यात हे घडलं, त्या राज्यातल्या बाईने चार गोळ्या कापून घ्याव्यात, हे मला सहन होत नाही.

स्वस्त औषधं विकणाऱ्या जनऔषधी केंद्रांमुळे शहरात आणि तालुक्याच्या गावी फरक पडला आहे. पण ते विकतचं औषध आहे. वाडीवरच्या मजुराला स्वस्तही परवडत नाही, आणि सरकारी डॉक्टरने लिहिलेली गोळी सरकारी खिडकीत मिळणं हा त्याचा हक्क आहे. मुंबई महापालिकेने 'झिरो प्रिस्क्रिप्शन', म्हणजे बाहेरची चिठ्ठी द्यायचीच नाही, असं धोरण जाहीर केलं, त्यामागेही हाच विचार होता. ते ग्रामीण महाराष्ट्रात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हवं. तिथे खातं वेगळं असलं तरी रुग्ण तोच आहे.

मंत्रिमहोदय, माझं मागणं फार मोठं नाही. बीपी, साखर, दमा, फिट्स आणि मानसिक आजारांची रोजची औषधं, सर्पदंशाची लस आणि रेबीजची लस एवढ्यांची एक छोटी यादी करा. ती कुठल्याही केंद्रात कधीही संपणार नाही, अशी लेखी हमी द्या. पुरवठादारांची बिलं ठरलेल्या मुदतीत भागवा, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. तपासणीचा अहवाल आल्याशिवाय एकही खोका गोदामातून हलू देऊ नका. ज्यांचं बीपी आणि साखर आटोक्यात आहे, त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या किंवा उपकेंद्रातून आशाताईंच्या हाती पोचवा. बाहेर लिहून दिलेल्या प्रत्येक गोळीची ई-औषधीत नोंद सक्तीची करा आणि त्या नोंदीवरून पुढची मागणी काढा. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरवर कारवाई करून मात्र हे होणार नाही. साठा नसताना चिठ्ठीही बंद केली, तर रुग्णाच्या हाती काहीच राहणार नाही.

पैशाचा प्रश्न विधानसभेत निघेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असं म्हटलं होतं आणि त्याची मुदत २०२० होती. त्या आकड्यापासून आपण किती लांब आहोत, हे आपल्याकडच्या फायलींत असेलच. वाढीव रकमेतला पहिला हिस्सा इमारतींना आणि मशीनना न देता औषधांना द्यावा, ही विनंती.

शेवटची एक गोष्ट. येत्या महिन्यात एखाद्या बाजाराच्या दिवशी, आगाऊ कळवल्याशिवाय, आपल्याच मतदारसंघातल्या ग्रामीण रुग्णालयात सकाळी दहा ते एक औषध खिडकीच्या आत बसा. सोबत कोणी नको. किती चिठ्ठ्या बाहेर गेल्या आणि त्यांवर कोणती औषधं होती, हे आपण स्वतः लिहून घ्या, आणि तो कागद पुढच्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी