बोटीवरच्या गोड्या पाण्याचा हिशेब

माननीय संपादक महोदय,

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपली की हर्णै, मिरकरवाडा, ससून डॉक येथील नौका समुद्रात उतरतात. त्या दिवसांच्या बातम्यांत जाळी, बर्फ आणि डिझेल यांचा हिशेब असतो, गोड्या पाण्याचा क्वचितच. मी तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, असताना एका आठ दिवसांच्या फेरीत मासळी चांगली लागत असूनही पाचव्या दिवशी पाण्यासाठी बंदर गाठावे लागले होते, आणि ते पाणी पिण्यात नव्हे, भांडी घासण्यात गेले होते.

वास्तविक भांडी घासणे आणि मासळी साफ करणे ही कामे समुद्राच्या पाण्यात उत्तम निभतात. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साध्या साबणाला फेस येत नाही, परंतु भांड्यांचा द्रव साबण चालतो. शेवटी तांब्याभर गोडे पाणी फिरवावे, अन्यथा मीठ अ‍ॅल्युमिनियमचे टोप खाते.

स्वयंपाकात मात्र हात जपून चालवावा लागतो. एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्यामुळे भाताला चार भाग गोडे आणि एक भाग खारे असे प्रमाण धरल्यास वेगळे मीठ घालावे लागत नाही. ज्यांना रक्तदाब आहे त्यांचा भात अर्थातच निराळा शिजवावा. अंडी आणि सालासकट बटाटे निव्वळ खाऱ्या पाण्यात उकडता येतात. डाळीच्या वाटेला जाऊ नये. आमच्या एका हौशी खलाशाने तो प्रयोग केला होता. दोन तास गॅस जाळूनही डाळ दडस ती दडसच राहिली आणि अखेर समुद्रालाच परत गेली.

हे सारे खोल समुद्रातील पाण्याबाबत आहे. बंदरात किंवा खाडीच्या मुखाशी बादली सोडून भांडी धुण्याची सवय घातक आहे, कारण तेथे सांडपाणी आणि डिझेलचा तवंग असतो. उकळल्याने जंतू मरतात, डिझेल जात नाही. खोल पाण्यातही बोटीची घाण जेथून बाहेर पडते त्या बाजूला बादली सोडू नये.

नवी नौका बांधताना स्वयंपाकाच्या जागी समुद्रपाण्याचा स्वतंत्र हातपंप बसवावा आणि पिण्याच्या पिंपाला वेगळा नळ ठेवावा, ही नौकामालकांना विनंती. मच्छीमार सहकारी संस्थांनीही हंगामापूर्वीच्या बैठकीत नव्या खलाशांना हे प्रमाण समजावून द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तांडेल
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी